अंदाज पन्ह्यावरून घ्या, चौरस फुटावरून नको

अकोल्यातली श्रावणाची कावड आटोपते न आटोपते तोच गणपती येतात, मग नवरात्र, मग लग्नसराई. या धांदलीत जुन्या ऑर्केस्ट्रांच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरचे आणि साउंडवाल्यांच्या लाकडी खोक्यांचे कोपरे सोलपटतात, पावसाचे पाणी प्लायवूडमध्ये शिरते. मालक नवे आवरण चढवायला खोका उचलून सीट कव्हरवाल्याकडे नेतो. किती रेक्झिन लागेल, या प्रश्नाला अकोल्यात काय नि अमरावतीत काय, उत्तर ठरलेले: “तीन मीटर घेऊन टाका भाऊ, कमी पडायला नको.”

या उत्तरात कारागिराची लबाडी नसते, सावधगिरी असते. पण भुर्दंड मालकाला पडतो. चौरस फुटाचा हिशोब करून आलेला हुशार मालक तर उलट्या बाजूने फसतो.

समजा खोका २६ इंच रुंद, २० उंच आणि १० खोल आहे; फेंडरचा ट्विन रिव्हर्ब साधारण याच मापाचा असतो. भोवतीची पट्टी ९२ इंच, जोडावर चढवायला आणखी २. पट्टीची रुंदी मात्र १० नव्हे, १६ धरायची, कारण पुढच्या आणि मागच्या कडेवरून तीन-तीन इंच आत दुमडावे लागते. पाठीच्या दोन फळ्यांना २९ बाय ९ चे दोन तुकडे. क्षेत्रफळ काढले तर ५४ इंच पन्ह्याचे एक मीटर कापड पुरेसे वाटते. पण पट्टी अखंड हवी असेल तर ९४ इंच लांबी घ्यावीच लागते, म्हणजे जवळपास अडीच मीटर. त्यातले साठ टक्क्यांच्या आसपास रेक्झिन उरते.

आता तसेच तीन खोके एकदम न्या. १६ इंचांच्या तीन पट्ट्या ४८ इंचांत, म्हणजे त्याच अडीच मीटरमध्ये बसतात. फळ्यांचे सहा तुकडे शेजारी शेजारी मांडले की पन्हा नेमका भरतो आणि लांबी लागते फक्त पाऊण मीटर. (रोलची किनार खराब असेल तर हे गणित कोलमडते, तिथे एक मीटर घ्यावे.) एका खोक्याला अडीच मीटर, तिन्हींना सव्वातीन! गावातल्या दोन-तीन मंडळांनी किंवा साउंडवाल्यांनी एकत्र काम काढावे, असे म्हणण्याला यापेक्षा मोठे कारण कशाला हवे?

एकच खोका असेल आणि खिसा हलका असेल, तर पट्टी पन्ह्याच्या दिशेने दोन तुकड्यांत कापता येते. सगळे मिळून १ मीटर ३० सेंटिमीटरमध्ये भागते. एक जोड तळाला लपतो, दुसरा बाजूला दिसतो. फळ्यांचे तुकडेही त्याच दिशेने कापावेत, नाहीतर रेक्झिनचा दाणा एकीकडे उभा, एकीकडे आडवा दिसतो.

रेक्झिन हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कंपनीचे व्यापारी नाव. सुती कापडावर लेप चढवून ते बनवत. फेंडरचे १९५० च्या दशकातले अ‍ॅम्प्लिफायरही ट्वीड नावाच्या सुती कापडातच मढवलेले असत. अशी अस्सल जुनी वस्तू हाती असेल आणि मूळ आवरण बऱ्यापैकी शाबूत असेल, तर ते सोलूच नये. फाटका कोपरा चिकटवावा. जाणकार गिऱ्हाईक मूळ आवरणालाच जास्त भाव देते.

सोलायचेच असेल तर जुने आवरण अखंड काढावे. नव्या कापणीचा नमुना तोच. त्याआधी आतला विद्युत भागांचा सांगाडा दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्यावा, कारण बंद अ‍ॅम्प्लिफायरच्या कपॅसिटरमध्येही जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

कारागिराने बिलावर पन्हा, लांबी आणि उरलेला माल कोणाचा, हे लिहून द्यावे. कापणीचा नकाशा कागदावर काढण्याचे वेगळे पैसे लावले तरी मालकाने ते द्यावेत. चौरस फूट उपयोगी पडतात ते फक्त गोंदाला: वरच्या खोक्याला सुमारे १४ चौरस फूट, आणि गोंद लाकडाला व रेक्झिनला दोन्हीकडे लागतो म्हणून २८. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, हा गोंद हात फिरेपर्यंत वाळतो आणि तापलेले रेक्झिन ओढले तसे ताणले जाते. हे काम तेव्हा सकाळीच उरकावे, नाहीतर पहिल्या पावसापर्यंत थांबावे.