खड्डे मोजावे कीं झाडें?

मृगाचा पाऊस पडूं लागला म्हणजे सोलापुरांत वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. हारतुरे होतात, झारीनें पाणी घातलें जातें, छायाचित्रें निघतात, आणि दुसऱ्या दिवशीं अमुक हजार झाडें लावल्याची वार्ता प्रसिद्ध होते. या उत्साहाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, हींच रोपें पुढील वैशाखांत कोणी मोजतो काय?

सोलापूर हा पर्जन्यछायेंतील मुलूख. उन्हाळ्यांत पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो, आणि उजनीसारखें धरण असूनही नळास चार-पांच दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव येथील नागरिकांनीं वर्षानुवर्षें घेतला आहे. जेथें घरांतील हंडा भरण्याची पंचाईत, तेथें रस्त्यावरील रोपास कोण विचारणार? रोप आषाढांत मरत नाहीं. तें होळीनंतर मरतें, आणि त्या वेळीं समारंभास आलेल्यांपैकीं कोणीही तिकडे फिरकत नाहीं. सावलीवांचून अडतें तें मोटारींतून जाणाऱ्यांचें नव्हे. वळलेल्या विड्या देण्यास भर उन्हांत पायीं जाणाऱ्या बाया, यंत्रमागावरील पाळी संपवून निघालेला कामगार, हातगाडीवाला, यांचें अडतें.

कायदा अपुरा आहे असेंही म्हणतां येत नाहीं. १९७५ च्या राज्य कायद्यानें नागरी क्षेत्रांत वृक्ष प्राधिकरण नेमण्याची, दर पांच वर्षांनीं झाडांची गणती करण्याची व परवानगीवांचून झाड न तोडण्याची तजवीज केली. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांच्या व त्याहून जुन्या झाडांस वारसावृक्षाचा मान दिला, आणि तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं नवीं झाडें लावण्याचें बंधन घातलें. तत्त्व उत्तम आहे. परंतु रस्त्यावरील साठ वर्षांच्या वडाबद्दल गांवाबाहेरच्या माळावर साठ रोपें लावलीं, तर त्या रस्त्यानें चालणाऱ्यास काय मिळालें? (शिवाय नान्नजच्या बाजूचें माळरान हें गवताचें आणि माळढोकाचें घर आहे; तेथें झाडें कोंबणें हा दुहेरी अपराध होय.)

आंकड्यांच्या हव्यासाचा धडा सर्व राज्यास मिळालेला आहे. सरकारी लागवडीचा संकल्प २०१६ सालीं दोन कोटींचा होता. तो पुढें चार, तेरा असा वाढत २०१९ सालीं तेहतीस कोटींवर गेला. अखेर किती जगलीं हा वाद माजून २०२१ सालीं चौकशीसाठीं विधिमंडळाची समिती नेमण्याची पाळी आली.

जीं झाडें तगलीं त्यांची गत निराळी नाहीं. रस्ता वा पदपथ नवा करतांना बुंध्याला भिडवून सिमेंट ओततात. मग मुळांस ना पाणी ना हवा. आणि वळवाच्या वादळांत झाड कोसळलें म्हणजे तें धोकादायकच होतें असें सांगण्यास आपण मोकळे! राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ सालीं दिल्लीतील झाडांभोंवतालचें एक मीटरपर्यंतचें सिमेंट काढण्याचा आदेश दिला. सोलापुरानें अशा आदेशाची वाट कां पाहावी?

आमच्या मतें दोष लागवडीच्या ठेक्यांत आहे. खड्डा खणला, रोप उभें केलें कीं देयक मंजूर होऊं नये. निदान अर्धी रक्कम तिसरा उन्हाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावी व ती जिवंत झाडागणिक द्यावी. तिसऱ्या वर्षापर्यंत पाणी घालण्याचा खर्च आरंभींच अंदाजपत्रकांत धरावा. त्यासाठीं पिण्याचें पाणी नको, शुद्ध केलेलें सांडपाणी चालेल. झाडेंही जागा पाहून निवडावीं. गुलमोहर शोभिवंत व लवकर वाढणारा खरा, पण त्याच्या फांद्या वाऱ्यानें मोडतात. कडुनिंब चैत्रांत नवी पालवी धरून ऐन उन्हाळ्यांत सावली देतो. करंज आहे, आणि रुंद जागीं चिंच व वड आहेत.

गतवर्षीं कोणत्या रस्त्यावर किती झाडें लावलीं व त्यांपैकीं आज किती उभीं आहेत, याचा तक्ता महापालिकेनें दर ज्येष्ठांत, नव्या लागवडीस हात घालण्यापूर्वीं, प्रत्येक विभागीय कार्यालयाच्या दारावर लावावा.