वाईच्या वाटेवरचे वड

पुणे-सातारा हमरस्त्यावरून सुरूरच्या फाट्याला वाईकडे वळणाऱ्याने ते वळण शक्यतो दिवस कलताना घ्यावे, असे माझे मत लहानपणीच बनले आणि पुढे चार मुलूख पाहून झाल्यावरही ते बदलावे असे काही आढळले नाही. समोर पाचगणीचे सपाट पठार, उजव्या हाताला पांडवगड, दोन्ही अंगांना उसाची शेते, आणि या साऱ्यावर रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या जुन्या वडांनी धरलेले छत. त्या पारंब्यांतून अस्ताचलाकडे झुकलेल्या सूर्याचे किरण तिरपे येऊन मोटारीच्या काचेवर क्षणोक्षणी उघडझाप करीत, तेव्हा गावी कधी पोहोचतो याची घाई असलेला उतारूही घटकाभर गप्प बसे.

आमच्या काळी हा प्रवास एस. टी.च्या लाल गाडीतून होई. बावधनच्या बगाडासाठी रजा काढून मुंबईहून निघालेले चाकरमानी, मांढरदेवीचा नवस फेडून उतरलेल्या बाया, पिशवीत सातबाऱ्याचे उतारे जपून धरलेला एखादा वादी किंवा प्रतिवादी (चेहऱ्यावरून दोघांत भेद करणे कठीण), अशी मंडळी गाडीत असत. गुऱ्हाळांच्या दिवसांत उकळत्या रसाचा वास खिडकीतून आत येई. वडांत मुक्कामाला उतरलेल्या साळुंख्यांचा कलकलाट इंजिनाच्या घरघरीवर मात करी. आणि अंधार दाटू लागला की दूर पसरणीच्या घाटातून चढणाऱ्या मोटारींचे दिवे डोंगराच्या अंगावर एकामागून एक सरकताना दिसत. गाव जवळ आल्याची ती खूण असे.

ही वाट महाबळेश्वराची. 1829 साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी महाबळेश्वरचा मुलूख तहान्वये कंपनी सरकारास दिला आणि त्याच्या मोबदल्यात मौजे खंडाळा घेतले, तेव्हापासून हवा खाण्यास जाणाऱ्या साहेबांची आणि मागाहून आमच्या सुखवस्तू वर्गाची या मुलखात वर्दळ वाढत गेली. आज सुट्टीच्या दिवशी या रस्त्यावर मोटारींची जी रीघ लागते आणि तिच्यात उसाचे ट्रॅक्टर व रुग्णवाहिका जशा अडकून पडतात, ते पाहता रस्ता रुंद करू नये असे म्हणणाऱ्याच्या व्यवहारज्ञानाविषयी शंका घ्यावी लागेल. माझा तसा आग्रह नाही.

परंतु रुंदीकरणाच्या पायी या वडांवर जी कुऱ्हाड चालली, तिच्यामागील हिशेबाविषयी मात्र बोलले पाहिजे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडण्यास सक्त मनाई आहे, कारण ती रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात. शेतातल्या आंब्याला असा कोणी धनी असतो. तो हरकत घेतो, पंचनामा करवतो, नुकसानभरपाई मागतो. रस्त्याकडेच्या वडाचा धनी सरकार, आणि तोडणारेही सरकारच. मग हरकत घ्यायची कोणी? अंदाजपत्रकात खडीचा भाव असतो, डांबराचा असतो, मजुरीचा असतो. वडाची किंमत मांडली जाते ती त्याच्या लाकडाची, आणि वडाचे लाकूड इमारतीच्या कामाचे नसल्याने ती अर्थातच नगण्य ठरते. त्याची सावली, त्याने धरलेली माती, त्याच्या फळांवर जगणारी पाखरे, आणि त्या छताखालून घरी परतणाऱ्या सामान्य माणसाला फुकट लाभणारा आनंद, यांना कोणत्याही दप्तरात रकाना नाही. स्वतःची बाग लावण्याची ऐपत नसलेल्यांची हीच बाग होती, ही गोष्ट नकाशा आखणाऱ्याच्या मनात येत नाही.

कायद्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. राज्याच्या 1975 च्या (नागरी क्षेत्रे) वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन 50 वर्षांच्या वा त्याहून जुन्या झाडास पुरातन वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि झाड तोडणे भागच पडले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत असा दंडक घातला गेला. तरतूद स्तुत्य, मात्र हा कायदा त्याच्या नावाप्रमाणेच नागरी क्षेत्रापुरता आहे. म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीतला वड पुरातन, आणि हद्दीबाहेर दहा पावलांवर उभा असलेला त्याचाच समवयस्क मात्र केवळ अडथळा!

तेव्हा मागणी साधी आहे. पुरातन वृक्षाची तरतूद ग्रामीण रस्त्यांनाही लागू करावी. जेथे जुनी रांग शिल्लक आहे, तेथे ती मध्ये राखून नवी मार्गिका तिच्या पलीकडून काढावी. त्यासाठी एका बाजूची जमीन अधिक संपादन करावी लागेल, खर्च वाढेल, आणि तो अंदाजपत्रकात उघडपणे दाखवावा. झाडे उतरविण्याची नोटीस लागते ती बहुधा कोणाच्या नजरेस पडत नाही अशा फलकावर. ती ग्रामसभेत वाचून दाखविण्याची सक्ती व्हावी. आणि वाचकहो, तुमच्या गावच्या रस्त्याची मोजणी सुरू झाली असेल, तर झाडांवर आकडे पडण्याआधीच आपली हरकत लेखी नोंदवा व तिची पोच घ्या.