संगणक पट्टी काढील, मोजायची तुम्ही!



वाशीम जिल्ह्यातील सोयाबीन आणि तूर ही पिके मुख्यतः पावसावर अवलंबून आहेत. तेव्हा शाळेत पर्जन्यमापक करणे हा उत्तम प्रयोग होय. सरळ बाजूंच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवावा. तळाचा उंचसखल भाग पाण्याने भरून तेथे शून्य मानावे आणि बाहेरून मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवावी. बाटली सर्वत्र सारख्याच रुंदीची असेल, तर आतले १ मिमी पाणी म्हणजे १ मिमी पाऊस.

अशी पट्टी इंकस्केप या विनामूल्य प्रणालीत सहज काढता येते. या व्हेक्टर पद्धतीत चित्र ठिपक्यांनी नव्हे, तर बिंदू, रेषा आणि त्यांची मापे यांनी साठवले जाते. म्हणून ते हवे तेवढे अचूक असू शकते. परंतु ‘असू शकते’ आणि ‘असते’ यांत फरक आहे.

पहिली गोष्ट : आकार माउसने ओढून अंदाजाने ठरवू नका. एकक मिलिमीटर निवडा आणि रुंदी-उंचीचे आकडे स्वतः लिहा. दुसरी गोष्ट : रेषेला जाडी असते आणि ती कडेच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पसरते. १०० मिमी उंचीच्या आयताला १ मिमी जाडीची कड दिली, की तो बाहेरून १०१ मिमी भरतो. पडद्यावरचा आकडा कड धरून आहे की सोडून, हे आधी पाहा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : छापताना ‘कागदात बसवा’ हा पर्याय निवडला, तर चित्र मुकाट्याने लहान होऊ शकते. नेहमी मूळ आकार, म्हणजे १०० टक्के निवडा.

एवढ्याने काय बिघडते? समजा, पट्टी ९४ टक्के छापली गेली. मग प्रत्यक्ष ६२ मिमी पाऊस तिच्यावर ६६ मिमी दिसेल. आपल्या राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा अधिक पाऊस झाला, की अतिवृष्टी मानली जाते. शाळेच्या नोंदीवरून मदत ठरत नाही, हे खरे; पण तुमच्या वहीत मात्र न झालेली अतिवृष्टी नोंदली जाईल!

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की संगणकाच्या तासाला कंपासपेटीतील पट्टीही बाकावर हवी. शिक्षकांनी घर, सूर्य, झेंडा अशी चित्रे जरूर काढून घ्यावीत. पण त्याबरोबर एक तरी आकृती दिलेल्या मापाची काढून, छापून, मोजून घ्यावी. पडद्यावर १०० हा आकडा दिसला म्हणजे काम संपले नाही. कागदावर पट्टी ठेवल्यावर १०० मिमी भरले, तरच ते माप खरे.

यंदाच्या मृगापूर्वी तुमची पट्टी तयार ठेवा. चिकटवण्याआधी मात्र ती एकदा मोजून पाहा.