नवं चित्र म्हणजे नवा खेळ नव्हे

बोर्ड गेम बनवायचाय म्हणणारी बरीच पोरं भेटतात. बहुतेकांची आयडिया एकच: 'व्यापार' घ्यायचा, मुंबई-दिल्लीच्या जागी रायगड-प्रतापगड छापायचे, रुपयांच्या जागी होन. डबा देखणा होतो, खेळ तोच राहतो. फासे टाका, जागा घ्या, भाडं उकळा. गड राखणं आणि घरभाडं वसूल करणं एकच आहे का?

मी परभणीचा, कोड लिहून पोट भरतो. माझं म्हणणं सरळ आहे. खेळाला जे सांगायचंय ते नियमांत असतं, चित्रांत नाही.

'व्यापार' ज्या मोनोपॉलीवरून आला, तिचं मूळ बघा. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी यांना 1904 मध्ये 'द लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट मिळालं. जमीन मूठभरांच्या हाती गेली की बाकीचे कसे कंगाल होतात, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी भाषण ठोकलं नाही, भाड्याचा नियम केला.

मोक्षपटाचंही तसंच. 'सापशिडी ज्ञानेश्वरांनी शोधली' हा मेसेज आपण अभिमानाने फॉरवर्ड करतो; त्या काळातला पुरावा कुणी मागत नाही. जुन्या कित्येक पटांवर शिड्यांपेक्षा साप जास्त का, हेही कुणी विचारत नाही. चढणं अवघड, घसरणं सोपं, ही शिकवण त्या आकड्यातच आहे.

मग परभणीवर खेळ करायचा तर सोयाबीनचं चित्र छापून भागणार नाही. असा नियम करून बघा: प्रत्येकाने पीक गुपचूप निवडायचं. जितके जण सोयाबीन निवडतील, तितका मोंढ्यात भाव पडणार. पाऊस पत्त्यावर. खंड पडला की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचे पैसे पुन्हा. आता कर्ज काढायचं की रान पडीक ठेवायचं? हा पेच घरच्यांनी दर जूनमध्ये सोसलेला असतो, आणि तुम्ही अजून इन्स्टावर थीम शोधताय.

'आमच्याकडे गेमिंग कॅफे नाही' हे रडगाणं पुरे. जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते करा, चिंचोके घ्या. नियम एका कागदावर लिहून चार जणांना द्या आणि शेजारी गप्प बसा. उद्या विकत घेणाऱ्याच्या घरी समजावायला तुम्ही नसणार. ते जिथे अडतील तिथे नियम चुकलाय, खेळाडू नाही. तेवढाच बदला, पुन्हा खेळवा. वीस वेळा.

लोगो त्यानंतर.