रकान्याचा हिशेब
धायरीतल्या मीटर बसवलेल्या सोसायटीत पाण्याचे बिल म्हणजे चालू नोंद वजा मागची नोंद, गुणिले दर. एक्सेलमध्ये हे सूत्र पहिल्या फ्लॅटच्या सेलमध्ये लिहून खाली ओढतात. प्रत्येक सेलमध्ये त्याची वेगळी प्रत बसते. मधल्याच एखादीवर कुणी नुसता आकडा टाइप केला, की चूक महिनोन्‌महिने सापडत नाही. (खाली ओढताना दराचा सेल सरकू नये म्हणून त्याला डॉलरचे चिन्ह लावायला विसरणे, ही तर जुनीच खोड.) पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पांडाज या लायब्ररीमध्ये अख्खा रकाना एकाच ओळीच्या आज्ञेत मोजला जातो. नोंद नसेल तिथे उत्तरही कोरे राहते. एक्सेल मात्र रिकामा सेल गुपचूप शून्य धरते. उलट, नोंद दुरुस्त केली की एक्सेलचे उत्तर आपोआप बदलते, पांडाजला आज्ञा पुन्हा द्यावी लागते. चाळीस फ्लॅटांच्या सोसायटीला एक्सेल पुरते. त्याच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात.