सोन्याचं नाणं घेणं सोपं, पण अडचणीत उपयोगी पडेल का?

सोन्या-चांदीचे दर चढले की सीमाभागात एक प्रश्न हमखास निघतो. खरेदी बेळगावात करायची, निपाणीत की कोल्हापूरच्या गुजरीत? करापुरतं बोलायचं तर कुठंही करा. जीएसटी दोन्ही राज्यांत ३ टक्केच आहे आणि आयातशुल्क केंद्र सरकार ठरवतं. फरक पडतो तो पेढीच्या दरात आणि घडणावळीत.

दागिन्याची घडणावळ मोडताना परत मिळत नाही. नाण्यावर ती कमी लागते, म्हणून बचतीसाठी नाणं घेणारे चुकत नाहीत. पण निपाणी भागातल्या तंबाखू उत्पादकासाठी सोनं म्हणजे नुसती गुंतवणूक नव्हे. पेरणीला, दवाखान्याला, पोरांच्या फीला तेच गहाण पडतं. आणि खरी मेख तिथंच आहे.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारणाचे नवे निर्देश काढले. ते पाळण्यासाठी १ एप्रिल २०२६ ही शेवटची मुदत दिली. त्यानुसार एका कर्जदाराला सोन्याचे दागिने १ किलोपर्यंत तारण ठेवता येतात, नाणी मात्र ५० ग्रॅमपर्यंतच. चांदीच्या नाण्यांना मर्यादा ५०० ग्रॅमची. बिस्किटावर तर कर्जच नाही. शिवाय बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत विकत घेत नाही; ते मोडायला सराफाकडेच जावं लागतं. म्हणजे अडीनडीला गहाण ठेवायचं सोनं सगळंच बिस्किटात घालणं अंगाशी येऊ शकतं.

दुसरा मुद्दा शुद्धतेचा. दागिन्यांवर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. नाणी-बिस्किटं या सक्तीत येत नाहीत. त्यामुळे नुसता ‘९९९’ शिक्का बघून भुलू नका. बीआयएसचं चिन्ह आणि सीलबंद पाकीट मागून घ्या. पाकीट उगीच फोडू नका, मोडताना तेच कामी येतं.

लक्ष्मीपूजनाला जुने चांदीचे रुपये घेणाऱ्यांनी साल बघावं. राणीछापापासून पंचम जॉर्जपर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी सुमारे ९२ टक्के. १९४० पासूनच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात ती निम्मीच. वजन तेच, पण चांदीचा भाव लावला तर किंमत जवळपास अर्धी.

शेवटी पावती. वजन ग्रॅममध्ये, शुद्धता, घडणावळ आणि जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या. ‘कच्च्या’ बिलात ३ टक्के वाचल्यासारखे वाटतात, पण पुढं तक्रार करायला हातात काही राहत नाही. निवडणुकीच्या काळात कोगनोळी नाक्यावर गाड्यांची झडती होते. तेव्हा पिशवीतलं सोनं आपलंच आहे हे सांगायला तो एक कागदच उपयोगी पडतो. कर दोन्हीकडे सारखाच असला, तरी नाका अजून मधेच आहे.