खुर्ची आणि खालचे मजले

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरुपद डॉ. मृदुला फडके यांनी भूषवले. २०२१ मध्ये लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर त्याच पदावर आल्या. तेव्हा आता स्त्री-पुरुष समतेचे काय राहिले, असे विचारणारे वरची खुर्ची पाहतात, खालचे मजले नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यामुळे अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष स्त्रीच असते आणि निदान निम्मे सदस्य स्त्रिया असतात. विभागात कामे वाटताना मात्र सत्काराचे ताट कोणाकडे आणि खरेदी समिती कोणाकडे, हे सवयच ठरवते. स्त्रियांना बरोबरीचा वाटा दिला तर गुणवत्ता ढासळेल, हा आक्षेप जुनाच. पण बाळंतपणाच्या रजेत रखडलेले संशोधन उणे धरले, तर मोजली जाते ती गुणवत्ता नव्हे, सलग हजेरी. प्रत्येक विभागाने पदांचा आणि समित्यांचा स्त्री-पुरुषनिहाय तक्ता दरवर्षी सूचनाफलकावर लावावा.